फ्रीजची नाडी

फ्रीजला नाडी असते, हे मला मेहकरात कळलं. मी पुण्यात वाढले. तिथे नाडी परकराला असायची, नाहीतर वैद्यबुवा मनगटावर बोटं ठेवून बघायचे ती. बर्फाच्या कप्प्याला टेकून तांब्याची, आत वायू कोंडलेली एक बारीक नळी असते. किती थंडी झाली ते ती ओळखते आणि मोटरीला थांब किंवा चाल म्हणते. आताची मुलं तिला सेन्सर म्हणतात. पुंजाजी मिस्त्री तिला नाडी म्हणत. घरात कधी बर्फ जमेनासा झाला की बाकीच्यांना दुधाची काळजी पडते आणि मला पुंजाजी आठवतात. आठवले की मान खाली जाते. ती का जाते हे मी आजवर घरात कुणालाही सांगितलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. हे, म्हणजे माझे यजमान, मेहकरला दवाखाना चालवत. दवाखाना पुढे आणि घर मागे, अशी आमची जागा होती. गावात वीज आली होती पण फ्रीज मोजून पाच-सहा घरांत. आमचा मुंबईहून आणलेला, जुना, गोल खांद्यांचा. तो सरबतासाठी घेतला नव्हता. त्याच्या मधल्या कप्प्यात साप चावल्यावर द्यायच्या लशीच्या बाटल्या असत. त्या उन्हाळ्यात बाहेर राहिल्या तर खराब व्हायच्या आणि गोठल्या तरी खराब व्हायच्या. त्यामुळे त्या कपाटाची तब्येत ही आमच्या घरात माझ्या तब्येतीपेक्षा जास्त चौकशीची गोष्ट होती.

पहिल्याच वर्षी फ्रीजने वेड्यासारखं गोठवायला सुरुवात केली. दूध दगड झालं, अंडी तडकली, कोथिंबिरीच्या काड्या झाल्या. मोटर थांबायचं नाव घेईना. कुणीतरी म्हणालं गॅस बदला, कुणी म्हणालं मुंबईला परत पाठवा. मग कंपाउंडर म्हणाला, पैनगंगेच्या काठाला मळा आहे त्या पुंजाजीला बोलवा, तो अकोल्याला बर्फाच्या कारखान्यात होता.

ते सायकलवर आले. पन्नाशीच्या आतले असतील. अंगात धुतलेला पण इस्त्री नसलेला सदरा, धोतर, डोक्याला टोपी, हँडलला खाकी पिशवी. पिशवीतून एकीकडे पाना डोकावत होता आणि दुसरीकडे मुळ्याचा पाला. मळ्यातून निघाले की भाजी आणि अवजारं एकाच पिशवीतून यायची, हे पुढे सवयीचं झालं. त्या दिवशी मात्र मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, फ्रीजसमोर मांडी घालून बसले आणि काहीच केलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक तळहात फ्रीजच्या पत्र्यावर ठेवलेला, मान एका बाजूला कललेली. मी चहा ठेवून आले तरी तसेच.

"हा कवापासून दम खाऊन नाई राह्यला, डॉक्टरीणबाई?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्न कळायलाच वेळ लागला. मोटर थांबत नाही हे त्यांना म्हणायचं होतं. मी सांगितलं, तीन दिवस झाले.

"तीन दिवसांआंधी यानं काय खाल्लं होतं?"

म्हणजे आत काय ठेवलं होतं. मी सांगितलं की कलिंगड ठेवलं होतं, मोठं होतं, जरा ढकलूनच बसवलं. त्यांनी मान हलवली, दार उघडलं, बर्फाच्या कप्प्याच्या कडेला बोट फिरवलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे वळून म्हणाले, "नाडी सुटली हाय."

मी हसले. हसले म्हणजे पदर तोंडात कोंबून आत पळाले. पुण्यात एखाद्या पुरुषाने परक्या बाईला हे वाक्य म्हटलं असतं तर मारामारी झाली असती. बाहेर ह्यांचाही हसण्याचा आवाज आला पण ते लगेच सावरले आणि त्यांनी विचारलं, नाडी म्हणजे काय? पुंजाजींनी ती नळी दाखवली. कलिंगडाच्या धक्क्याने ती क्लिपमधून निसटून हवेत लोंबत होती. कप्पा गारठला तरी नळीला पत्ताच नाही. तिला वाटतंय अजून उकडतंय, म्हणून ती मोटरीला पळवते आहे.

ह्यांना वाटलं, झालं, आता क्लिपमध्ये खोचतील. पण पुंजाजींनी थांबवलं. "सुटली हाय ते दिसून राह्यलं. पन जित्ती हाय का मेली, ते इचारा लागते." त्यांनी माझ्याकडे एक पेला बर्फ आणि मूठभर जाडं मीठ मागितलं. बर्फात मीठ कालवलं, नळीचं टोक त्यात बुडवलं आणि डोळे मिटून बसले. आम्हीही नकळत श्वास धरला. थोड्या वेळाने, नळीचं दुसरं टोक जिथे शिरतं त्या वरच्या डबीतून बारीकसा आवाज आला, टक. मोटर तीन दिवसांत पहिल्यांदा गप्प झाली. मग त्यांनी ते टोक पुसून मुठीत धरलं. मुठीच्या उबेने पुन्हा टक, आणि मोटर सुरू.

"जित्ती हाय," ते म्हणाले आणि त्यानंतरच त्यांनी क्लिप आवळली.

ह्यांना हे सगळं फार आवडलं. रोग्याला आधी हात लावायचा, मग विचारायचं, मग खात्री करायची आणि शेवटी औषध. हे म्हणाले, "अहो, तुम्ही तर माझेच व्यवसायबंधू. आजपासून मी तुम्हाला डॉक्टर म्हणणार." ते पुढे खरोखरच तसं म्हणू लागले. फाटकातून सायकल आत आली की दवाखान्यातून हाक यायची, "या डॉक्टर." बाकावर बसलेले रोगी मान वळवून बघायचे आणि पुंजाजी उगाचच पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे. मला वाटायचं, संकोच वाटतो बिचाऱ्यांना. तो संकोच नव्हता हे फार उशिरा कळलं.

जाताना ते मला एक पथ्य सांगून गेले. बर्फाचा ट्रे चिकटून बसला तर कोमट पाण्यात फडकं पिळून लावायचं. "लोखंड लावू नोका, डॉक्टरीणबाई. सुरी नाई, उलथनं नाई, काईच नाई. नाडी लय नाजूक रायते. टोचली का गेली." मी हो हो म्हटलं. त्याच दुपारी पुण्याला आईला पत्र लिहिलं, त्यात फ्रीजच्या नाडीवर अख्खं एक पान खर्च केलं. आईचं उत्तर आलं की घरात सगळे पोट धरून हसले. मला त्याचा अभिमान वाटला, हेही इथे सांगून टाकते.

पुंजाजी फार बोलत नसत, आणि बोलत ते बहुधा यंत्राविषयी. "थंडी दिसत नाई, तिले इचारा लागते," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. अंदाजाने काम करणाऱ्याचा त्यांना राग होता. कुणी घाईने म्हटलं की मिस्त्री, गॅसच गेला असणार, तर ते अवजार खाली ठेवून म्हणत, "मंग तुमीच करा." स्वतःच्या हातांना फार जपत. मळ्यात खुरपं धरून तळहात राठ झाले तर थंडी नीट कळत नाही, म्हणून म्हणे रोज झोपताना करडीचं तेल चोळत. यावरही मी हसले होते. त्या काळात मी कशावर हसले नाही ते आठवावं लागेल.

एकदा हे दुसरबीडला एका व्यापाऱ्याच्या आईला तपासायला गेले तेव्हा मीही गेले होते. त्या घरचा नवा फ्रीज थंड होत नव्हता म्हणून पुंजाजींनाही जीपमधून नेलं होतं. फ्रीज दिवाणखान्यात, त्यावर हळदकुंकवाचं स्वस्तिक, वर क्रोशाचा रुमाल. पुंजाजींनी नेहमीप्रमाणे तळहात ठेवला, ऐकलं, दार उघडलं आणि आत बघून क्षणभर थांबले. नळीला काळ्या दोऱ्याने लिंबू आणि सात मिरच्या बांधल्या होत्या. घरच्या म्हातारीने एवढ्या महागाच्या वस्तूला नजर लागू नये म्हणून आत सापडलेल्या एकुलत्या एका खुंटीला ते बांधलं होतं. लिंबाच्या भाराने नळी वाकून कप्प्याच्या अगदी आतल्या, सगळ्यात गार कोपऱ्यात जाऊन टेकली होती. मोटर सुरू झाली की लगेच बंद.

व्यापारी भडकला. कुणी केलं हे, कुणाचं काम आहे, म्हणून घर डोक्यावर घेतलं. सुना भिंतीला लागल्या. म्हातारी खाटेवर, तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. पुंजाजींनी दोरा सोडला, लिंबू-मिरची ओंजळीत घेऊन खाटेजवळ गेले आणि हळू म्हणाले, "आजी, नजर भाईरून लागते. हे दारावर भाईर बांधा लागते." मग व्यापाऱ्याकडे वळले. "शेटजी, काय झालं ते मशीन सांगते. कोनं केलं ते सांगत नाई. आपुन बी इचारू नये."

परतीच्या वाटेवर ह्यांनी त्यांना विचारलं, तिचं नाव का नाही सांगितलं, एवढी काय मोठी गोष्ट होती? पुंजाजी म्हणाले, "तिचा भाऊ आला होता ना सायेब, भेटाले. ओसरीवर बसला होता. माहेरच्या मानसासमोर बाईले खाली पाहाले लावू नये. मंग तिले कोठंच जागा नाई रायत." मी मागच्या सीटवर होते. वाक्य ऐकलं आणि जीपच्या धुळीबरोबर बाहेर सोडून दिलं.

मग तो मे महिना आला. माझा दादा आणि वहिनी पुण्याहून शेगावला दर्शनाला आले आणि तिथून बसने आमच्याकडे. लग्नानंतर माहेरचं माणूस पहिल्यांदाच माझं मेहकरचं घर बघत होतं. दादाचं आधीपासून मत होतं की डॉक्टर झालेल्या माणसाने अशा आडगावी का राहावं. वहिनी बोलत नसे, पण तिने आल्या आल्या नाकाला रुमाल लावला तो लावला. मला त्यांना दाखवायचं होतं की आम्ही काही कमी नाही. भर उन्हाळ्यात मेहकरात पन्ह्याच्या पेल्यात बर्फ वाजताना त्यांना ऐकवायचा होता. मला एवढंच हवं होतं, पण ते फारच हवं होतं.

संध्याकाळी सगळे मागच्या पडवीत बसले होते. हे दवाखान्यात. मी ट्रे काढायला गेले तर तो कप्प्याला घट्ट चिकटलेला. कोमट पाणी करायचं म्हणजे स्टोव्ह पेटवा, फडकं पिळा, पाव तास जाणार. स्वयंपाकघराच्या दारातून दादाने विचारलं, "काय गं, तुझ्या त्या फ्रीजची नाडी काय म्हणते?" पत्र त्याने वाचलं होतं. वहिनी हसली. ती आल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि मला चेव आला.

मी फळीवरचं उलथणं घेतलं, डोक्यावर फडक्याची टोपी केली, मान एका बाजूला कलती केली आणि पुंजाजींचा आवाज काढला, "लोखंड लावू नोका, डॉक्टरीणबाई. नाडी लय नाजूक रायते." दादा टाळ्या वाजवायला लागला. मी पुन्हा म्हटलं, "टोचली का गेली," आणि म्हणता म्हणता ट्रेखाली उलथणं घालून जोर लावला. उलथणं सटकलं आणि कडेला जाऊन बसलं. आतून एक बारीक, फुस्स असा आवाज आला. त्या हसण्यात तो फक्त मला ऐकू आला.

ट्रे निघाला. पन्ह्यात बर्फ वाजला. दादा म्हणाला, वा. त्या पेल्याची चव मला अजून तोंडात आहे, म्हणून सांगते की कैरी आंबट होती आणि साखर मी घालायची विसरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी साप चावलेली एक बाई आली. विषारी नव्हता, हे नशीब. पण हे लस घ्यायला आले आणि त्यांनी बाटलीला हात लावला तर ती कोमट. मोटर बंद. सगळ्या बाटल्या फेकून द्याव्या लागल्या. ह्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. साप विषारी असता तर, एवढंच ते दोनदा म्हणाले. नव्या बाटल्या आणायला माणूस मिळेल त्या बसने अकोल्याला धाडला आणि पुंजाजींना निरोप गेला.

ते उन्हातून आले. आठच दिवसांपूर्वी येऊन त्यांनी नाडीची क्लिप बदलली होती, म्हणून आज नेहमीपेक्षा घाईत होते. दादा आणि वहिनी तिथेच खुर्च्यांवर बसले होते. दादाने मला कोपराने ढोसलं, हेच ना ते, अशा अर्थाने. मी मान हलवली.

पुंजाजींनी तळहात ठेवला. ऐकायला काही नव्हतंच. मग त्यांनी वरची डबी उघडली आणि नाडीला वगळून दोन वायर थेट एकमेकींना जोडल्या. मोटर गुरगुरली. "मोटर चांगली हाय," ते म्हणाले. पाऊण तास तशीच चालू ठेवली, कप्प्यावर दव धरलं, मग पांढरं. "गॅस बी हाय." त्यांनी वायर पुन्हा पहिल्यासारख्या लावल्या आणि नळीचं टोक मुठीत धरलं. टक झालं नाही. कोमट पाण्यात धरलं, टक झालं नाही. कप्प्यातला नवा बर्फ खरवडून मीठ घातलं आणि तेही करून पाहिलं, काही गरज नसताना, केवळ नाडीला आणखी एक संधी द्यावी म्हणून. मग नळीवरून बोट हळूहळू फिरवत गेले आणि एका जागी बोट थांबलं. तिथे एक आडवी बारीक चीर होती. त्यांनी वाकून ट्रेखालचा ओरखडा बघितला. मग मागे वळून फळीवर बघितलं. फळीवर उलथणं होतं.

"नाडी गेली, सायेब," ते म्हणाले. "टोचली हाय."

"कुणी टोचली?" ह्यांनी विचारलं. ह्यांचा आवाज चढलेला होता. "आठ दिवसांपूर्वी तुम्ही क्लिप बदललीत. मधे कुणी हात लावला?" आणि माझ्याकडे बघितलं. "तू लावलास?"

दादा माझ्याकडे बघत होता. त्याला उलथणं आठवत होतं का? मला वाटतं आठवत होतं, पण त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि बहिणीच्या संसारात तो पडला नसता. मी नुसतं नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हटलं, "मी कशाला हात लावते त्या नाडीला? मिस्त्रींनीच तर काढली होती."

पुंजाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग दादाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

"हाव सायेब," ते म्हणाले. "माह्याच हातानं झालं असन. क्लिप लावताना."

ह्यांनी नळीवरची चीर स्वतः बोट लावून पाहिली. "डॉक्टर," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि मधेच थांबले. मग म्हणाले, "ठीक आहे मिस्त्री. या तुम्ही."

पुंजाजींनी पाना पुसून पिशवीत ठेवला. नवी नाडी मुंबईहून येईपर्यंत मी दिवसातून तीन वेळा येऊन हाताने चालू-बंद करून देईन, असं त्यांनी दारातून सांगितलं. हे म्हणाले, नको. पिशवीतली भाजी त्या दिवशी तशीच परत गेली.

नवी नाडी यायला सहा आठवडे लागले. तोपर्यंत वायर जोडणं-सोडणं माझ्याकडे आलं. दर दोन तासांनी कप्प्यात हात घालायचा, थंडी किती झाली ते बघायचं आणि मोटर बंद करायची किंवा सुरू करायची. बाटल्या गोठू द्यायच्या नाहीत आणि तापूही द्यायच्या नाहीत. सहा आठवडे मीच त्या फ्रीजची नाडी होते. तळहाताने थंडी मोजणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. मी रात्री करडीचं तेल लावायला लागले. ह्यांनी विचारलं, हे काय, तर म्हटलं, भेगा पडल्यात.

हे दुष्ट नव्हते. त्यांनी गावात पुंजाजींची बदनामी केली नाही. फक्त कुणी विचारलं की म्हणत, माणूस चांगला आहे, पण हात पूर्वीसारखा राहिला नाही. जिथे पाच-सहाच फ्रीज आहेत तिथे डॉक्टरांचं एवढं वाक्य पुरतं. पुढे खामगावचा एक मिस्त्री यायला लागला. तो तळहात वगैरे ठेवत नसे. आल्या आल्या म्हणे, गॅस गेलाय.

मी रोज ठरवत होते की सांगायचं. दादा गेल्यावर सांगू, नवी नाडी बसल्यावर सांगू, दिवाळीनंतर सांगू. जितके दिवस गेले तितकं ते जड झालं, कारण आता नुसतं नळी टोचल्याचं सांगून भागणार नव्हतं, एवढे दिवस गप्प बसल्याचंही सांगावं लागणार होतं. बाजारात पुंजाजी भाजी घेऊन बसलेले दिसले की मी रस्ता बदलायची. ते मात्र लांबून हात जोडायचे.

तीन वर्षांनी आम्ही मेहकर सोडून पुण्याला जायचं ठरलं. निघायला आठ दिवस होते तेव्हा मी एकटी नदीकाठी त्यांच्या मळ्यावर गेले. ते वांग्याच्या वाफ्यात पाणी वळवत होते. मी बांधावर उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगितलं. उलथणं, टोपी, त्यांची नक्कल, सगळं.

त्यांनी फावडं बांधावर टेकवलं. "नक्कल करून राह्यल्या होत्या तुमी? माही?" ते थोडं हसले. "ते नोतं माईत. बाकीचं मले तवाच समजलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमचे भाऊ बसले होते ना," ते म्हणाले.

मला त्या क्षणी जीप आठवली, ओसरीवर बसलेला म्हातारीचा भाऊ आठवला. ज्या माणसांपुढे मी त्यांना हसण्याचा विषय केलं होतं, त्याच माणसांपुढे माझी मान ताठ राहावी म्हणून त्यांनी आपली मान खाली घातली होती. मी रडले. ते अवघडून वाफ्याकडे बघत राहिले.

"सायबाले सांगतलं काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही अजून.

"सांगजा. जवा जमन तवा." मग पाण्याकडे बघतच म्हणाले, "काम गेलं त्याचं काई नाई, मळा हाय. पन सायेब मले डॉक्टर म्हनत होते, बाई. आमच्या घरात कोनाले कोनी असं म्हनलं नोतं. माही मायबी फाटकापाशी येऊन एक डाव आयकून गेली होती."

मी म्हटलं, नक्की सांगते. शब्द दिला. तो शब्द मी पाळला नाही. त्या आठ दिवसांत पाळला नाही आणि पुढे हे असेपर्यंत पुण्यातल्या इतक्या वर्षांतही नाही. ह्यांनी फार तर दोन दिवस अबोला धरला असता. त्या दोन दिवसांच्या अबोल्याला मी आयुष्यभर भ्याले. हे गेले ते पुंजाजींचा हात चुकला होता असं समजूनच गेले.

निघायच्या दिवशी मेहकरच्या स्टँडवर पुंजाजी आले. हातात वांग्यांची पिशवी, अंगात इस्त्रीचा सदरा. इस्त्रीचा सदरा त्यांच्या अंगात मी तेवढा एकदाच पाहिला. आम्ही गाडीत बसलो होतो, मी खिडकीशी. ते खिडकीखाली येऊन उभे राहिले आणि मान वर करून ह्यांच्याकडे बघायला लागले. चेहऱ्यावर एक वाट पाहणं होतं, ते मला अजून दिसतं.

हे माझ्यावरून वाकले आणि मनापासून म्हणाले, "अरे वा. काय मिस्त्री, बरं आहे ना?"

पुंजाजींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच, फार वेळ नाही.

"हाव सायेब," ते म्हणाले. "बरं हाय." आणि वांग्यांची पिशवी खिडकीतून आत दिली.

मी पिशवीचं तोंड बांधायला लागले. ते आधीच बांधलेलं होतं. मी गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, रडतेस काय?"

मी काही बोलायच्या आत खालून उत्तर आलं. "माहेराले चालल्या बाई, सायेब. डोये येतेतच भरून."

हे हसले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. पुंजाजी हलले नाहीत. त्यांनी सवयीने एक तळहात गाडीच्या पत्र्यावर ठेवला होता, माझ्या खिडकीच्या बरोबर खाली, आणि मान एका बाजूला कलती करून ते ऐकत होते. गाडी हलेपर्यंत तो हात तिथेच होता.